दोन बाणांचा चढ

ऑल्डरकोट, श्रॉपशायर
९ मे १९५५

प्रिय अँब्रोस,

पोचले. सँडविच तू सांगितलंस त्याच स्टेशनावर खाल्लं, आणि डब्यात कुणाशीही बोलले नाही. म्हणजे चौघांशीच बोलले.

गर्टीचा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. कशी पडली माहितीये? ‘सायकलवाल्यांचं स्वागत’ अशी नवी पाटी दारावर टांगताना. आता चहाच्या दुकानात खिडकीशी पाय स्टुलावर ठेवून बसते आणि मला हुकूम सोडते. आपली ही मावसबहीण नौदलात हवी होती. शनिवार-रविवारी बर्मिंगहॅमकडून सायकलवाल्यांच्या झुंडी येतात. उघड्या गुडघ्यांची, लोकरी मोज्यांची, भुकेने अर्धमेली माणसं. अंडी, टोस्ट, चहा, पुन्हा अंडी.

आणि आता खरी गोष्ट. लोणी वरच्या शेतावरून आणायचं असतं. काल गर्टीची सायकल घेऊन निघाले. मी स्पॉल्डिंगमध्ये इतकी वर्षं सायकलवरून चर्चला जाते, तेव्हा वाटायचं मला सायकल येते. इथे आल्यावर कळलं, आपल्या त्या ताटासारख्या सपाट मुलखात मी सायकलवर नुसती बसत होते. वर जाताना ढकलत नेली. मेंढ्या कुंपणावरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना माझी कीव येत होती, शपथ.

पण येताना! अँब्रोस, येताना उतार होता. लोणी मागच्या पिशवीत, टोपी कुठल्याशा कुंपणात, आणि मी मोठ्याने गात होते. चर्चमधलं काही नाही. बावन्न वर्षांची बाई, वेदीवर फुलं मांडणारी! फाटकाशी पोचले तेव्हा गर्टी म्हणाली, “प्रू, तुला ताप आलाय का?”

तर काम असं. मला रस्ते आखून दे. मोटारींचे नकोत. इथे उंच कुंपणांमधून जाणाऱ्या अरुंद वाटा आहेत, त्यांवर दिवसभरात एखादी दुधाची गाडी दिसली तर दिसली. तुझ्याकडे सगळ्या इंग्लंडचे नकाशे आहेत आणि मला डावं-उजवं कळत नाही. मेअखेरच्या व्हिटसनच्या सुट्टीच्या आत मी परत येतेच आहे, तोवर जेवढं फिरता येईल तेवढं.

तुझी,
प्रू

*

स्पॉल्डिंग, लिंकनशायर
१३ मे १९५५

प्रिय प्रू,

पत्र मिळालं. त्यातली उद्गारचिन्हं काढली तर मजकूर अर्ध्या पानाचा उरतो.

तुझी मागणी मात्र योग्य माणसाकडे आली. मी तीस वर्षं इथल्या शाळेत मुलांना डोंगर शिकवले. त्या मुलांनी आणि मी, कुणीच डोंगर पाहिलेला नव्हता, तरी निकाल उत्तम लागायचा. डोंगर समजायला त्यावर चढावं लागत नाही. नकाशातल्या तपकिरी रेषा वाचता यायला हव्यात.

सोबत रस्ता आखून पाठवतो. दारातून डावीकडे, प्रार्थनामंदिराशी उजवीकडे, पुढे पिवळा रस्ता धरून दरीच्या कडेने थेट बिशप्स कासल गाव. एक लक्षात ठेव. नकाशावर रस्त्याला एक बाण असेल तर चढ कडक. दोन बाण असतील तर त्या रस्त्याकडे फिरकायचंही नाही. ऑल्डरकोटच्या मागून लाँग मिंड डोंगराच्या माथ्यावर जाणाऱ्या रस्त्याला दोन बाण आहेत. तो वेड्यांसाठी आणि मेंढ्यांसाठी आहे.

माझं बरं चाललंय. शेजारच्या मिसेस ब्लँचर्ड दर मंगळवारी रस्सा पाठवतात. आज अंडं उकडायला ठेवलं. ते आतून झालंय की नाही हे बाहेरून कसं ओळखायचं ते कळव.

तुझा,
अँब्रोस

*

ऑल्डरकोट
२२ मे १९५५

प्रिय अँब्रोस,

तुझा पिवळा रस्ता म्हणजे ओढा आहे.

अतिशयोक्ती नाही. दोन मैल तो रस्ता होता, मग फाटक आलं, मग दुसरं फाटक, मग एक बैल, त्याच्याबद्दल मी लिहिणार नाही, आणि मग रस्ता पाण्यात शिरला तो बाहेरच येईना. मी पाण्याच्या मधोमध, बूट गळ्यात बांधलेले, सायकल खांद्यावर. तेवढ्यात कुंपणामागून गाणं ऐकू आलं आणि एक इसम जोडसायकल घेऊन काठावर उभा राहिला. दोघांनी पुढेमागे बसून चालवायची ती लांबलचक सायकल. मागच्या बैठकीवर माणूस नव्हता, पट्ट्याने बांधलेली लाकडी पेटी होती.

“बाई, मासे धरताय का?” म्हणाला.

“नाही. मी बिशप्स कासलला चाललेय.”

“मग नाव आणायची होती. रस्ता कुणी सांगितला?”

“माझ्या भावाने. तो भूगोलाचा मास्तर आहे.”

“अस्सं,” म्हणाला, आणि इतक्या आदराने टोपी काढली की मला त्याला ओढ्यात ढकलावंसं वाटलं.

नाव एनॉक कॉर्फिल्ड. डोंगरातल्या शेतघरांमधले पियानो आणि प्रार्थनामंदिरांतल्या बाजाच्या पेट्या सुरात लावून देत हिंडतो. इथल्या दमट हवेत त्या सारख्या बिघडतात, त्यामुळे त्याला मरण नाही. जोडसायकल का, तर लिलावात दुसरं काही उरलं नव्हतं. फार बोलतो. पावलापावलाला हसतो. पुन्हा न भेटला तर बरं.

गर्टीचं प्लास्टर इतक्यात निघत नाही म्हणतात डॉक्टर. त्यामुळे व्हिटसनला जमणार नाही. रागावू नकोस. अंडं पाण्यात टाकून प्रार्थना म्हणायची, दोनदा. आणि रस्ता पाठव, कोरडा.

प्रू

*

स्पॉल्डिंग
२७ मे १९५५

प्रिय प्रू,

नकाशा चुकलेला नाही. ओढा चुकला आहे. ओढ्याने तिथे असायला नको होतं.

नवा रस्ता सोबत. हा कोरडा आहे, सौम्य आहे, आणि दोन सुंदर खेड्यांतून जाऊन क्रेव्हन आर्म्सला संपतो. तिथे योगायोगाने रेल्वे स्टेशन आहे. योगायोगाने वेळापत्रकही जोडलं आहे. पूर्वेकडे येणाऱ्या गाड्यांखाली रेघ मारली आहे, ती केवळ माहितीसाठी.

त्या पेटीवाल्याबद्दल: गावोगाव हिंडणारी माणसं गोड बोलतात, तो त्यांच्या धंद्याचा भाग असतो. बाकी तू सुज्ञ आहेस.

इथे विशेष काही नाही. संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागल्या, निवेदकाने एका शहराचं नाव चुकीचं उच्चारलं, मी त्याला सुधारलं. “अँब्रोस, त्याला ऐकू जात नाही,” असं म्हणायला घरात कुणी नव्हतं, म्हणून मी पुन्हा एकदा सुधारलं.

अँब्रोस

*

ऑल्डरकोट
१२ जून १९५५

प्रिय अँब्रोस,

बसला आहेस का? बस.

मी दोन बाण चढले! लाँग मिंडचा तोच रस्ता, वेड्यांचा आणि मेंढ्यांचा. सायकलवरून एकदाही न उतरता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसती हवा, आणि रस्ता इतका उभा की पुढचं चाक आता उलटून नाकावर येतंय असं वाटावं. अर्ध्यावर माझे पाय माझे राहिले नाहीत. कुणाचे झाले ते विचारू नकोस. वर पोचल्यावर थर्मासमधला चहा प्यायलो, तसा चहा राणीनेही प्यायला नसेल. मग पलीकडचा उतार. आम्ही असे ओरडलो की खालच्या शेतातला म्हातारा आग लागली समजून बादली घेऊन धावत आला!

दुपारच्या जेवणानंतर निघाले होते आणि संध्याकाळच्या गिऱ्हाइकांना टोस्ट द्यायला परत हजर. गर्टीने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. गर्टी काही बोलली नाही! यावरून काय ते समज.

आता एक विचारते. तू आजवर पाठवलेला पहिला रस्ता सोडला, तर पुढचा प्रत्येक रस्ता शेवटी रेल्वे स्टेशनावरच कसा जातो? श्रॉपशायरमध्ये इतकी स्टेशनं आहेत हे इथल्या लोकांनाही माहीत नव्हतं.

तुझी आनंदी,
प्रू

*

स्पॉल्डिंग
१६ जून १९५५

प्रुडन्स,

तुझं पत्र मी नकाशा शेजारी ठेवून वाचलं. चढाची उंची, रस्त्याची लांबी, तुझं वय आणि गर्टीच्या सायकलीचं वजन हे सगळं धरून हिशेब केला. तू सांगतेस त्या वेळात हे अंतर कापणं शक्य नाही. तरण्याबांड माणसाला शक्य नाही.

शिवाय तुझ्या पत्रात एक गोष्ट सापडली. चढताना ‘मी’ आहे. चहा ‘प्यायलो’. उतरताना ‘आम्ही ओरडलो’. हे आम्ही कोण? मी फार विचार केला आणि उत्तर एकच निघतं. बस. तू आणि इतर उतारू बसने डोंगरावर गेलात, वर चहा प्यायलात, आणि ड्रायव्हरने वेगात उतरवली म्हणून ओरडलात.

बसने जाण्यात लाज नाही, प्रू. पण मी इथे रोज संध्याकाळी जेवणाचं टेबल मोकळं करून तुझ्यासाठी रस्ते आखतो, बोट ठेवून प्रत्येक वळण तुझ्याबरोबर घेतो, आणि तू मला थापा मारतेस. याचं वाईट वाटलं.

अँब्रोस

*

ऑल्डरकोट
२० जून १९५५

अँब्रोस,

मी कुठल्याही बसमध्ये बसले नाही. ऑल्डरकोटला बस येतच नाही.

पुढचे रस्ते पाठवू नकोस.

प्रुडन्स

*

ऑल्डरकोट
११ जुलै १९५५

अँब्रोस, अरे गाढवा,

मी गर्टी. पाय मोकळा झाला, आता तोंडही मोकळं करते. प्रूने शपथ घातली होती, पण ती तिच्या बाजूने घातली होती, मी माझ्या बाजूने घेतली नव्हती.

बस! काय पण डोकं लावलंस! मास्तर होतास म्हणून विचारते, जोडसायकलला पाय किती लागतात? चार. तुझी बहीण गेले सहा आठवडे एनॉक कॉर्फिल्डच्या मागच्या बैठकीवर बसून सगळा डोंगर पालथा घालतेय. त्याची हत्यारांची पेटी आता पुढच्या टोपलीत गेली. हा पुढे गातो, ही मागून गाते, आणि मेंढ्या वाट सोडतात. तुला सांगायला धजली नाही, कारण तू तिच्या वेण्या आवळून बांधायचास तेव्हापासून ती तुला घाबरते. आणि तू एकटा पडशील या विचाराने इथे भांडी घासता घासता रडते, ते वेगळंच.

माणूस चांगला आहे. बायको युद्धाच्या आधीच गेली. दारू पीत नाही, पितो तेव्हा अर्धा ग्लास. त्याला प्रू हवी आहे आणि प्रूला तो. पण ती म्हणते, “अँब्रोसला विचारल्याशिवाय नाही,” आणि विचारतही नाही.

तेव्हा पत्र लिहीत बसू नकोस. ये.

गर्टी

*

स्पॉल्डिंग
१४ जुलै १९५५

प्रिय प्रू,

शनिवारी दुपारच्या गाडीने येतो. त्या माणसाला पाहायला येतो आहे, डोंगर पाहायला नाही. स्टेशनावर कुणी यायची गरज नाही, रस्ता मला पाठ आहे.

बसबद्दलचं मागे घेतो.

अँब्रोस

*

ऑल्डरकोट
२ ऑगस्ट १९५५

प्रिय अँब्रोस,

तू गेलास त्याला दोन आठवडे होऊन गेले आणि मी रोज लिहीन लिहीन म्हणते. आज विचारतेच. त्या डोंगरावर तू एनॉकला काय म्हणालास?

तुम्ही दोघं जोडसायकलवर बसलात तेव्हा मला हसू आवरत नव्हतं. तू कॉलर-टायसकट मागच्या बैठकीवर, आणि एनॉक म्हणतोय, “मिस्टर पेल, नकाशावर बोट पुष्कळ फिरवलंत, आता चाक फिरवा.” मी गर्टीची सायकल घेऊन तुमच्या आधी निघाले, ढकलत ढकलत वर गेले, आणि तुम्ही येईपर्यंत पलीकडे उतरून ओढ्याशी थांबले. मला वाटलं तिघं मिळून हसू. तुम्ही खाली आलात ते दोघंही पांढरेफटक. तू हँडल सोडेनास. त्याने तुझी बोटं एकेक करून सोडवली आणि मान खाली घालून निघून गेला. तू दुसऱ्या दिवशी गाडीत बसलास, खिडकीतून हात हलवलास, आणि म्हणालास, “फार छान झालं.” काय छान झालं?

तेव्हापासून एनॉक दुकानात आला नाही. वेल्सच्या बाजूला कामं आहेत असं गर्टीला सांगून गेला. परवा मला रस्त्यात दिसला. गात नव्हता. मी आडवी गेले तेव्हा सायकलवरून उतरला आणि म्हणाला, “प्रुडन्स, तुझ्या भावाने स्पष्ट सांगितलंय. मी त्याच्या शब्दाबाहेर जाणार नाही.”

मी तुला काहीही म्हणणार नाही. पण तू काय शब्द दिलास ते मला कळायला हवं. मी बावन्न वर्षांची आहे, अँब्रोस. हे पुन्हा येणार नाही.

प्रू

*

स्पॉल्डिंग
४ ऑगस्ट १९५५

माझ्या लाडक्या प्रू,

हे काय भलतंच! मी इथे दोन आठवडे बहिणीचं लग्न जमवलं म्हणून छाती फुगवून हिंडतोय. मिसेस ब्लँचर्डना सांगून झालं. तुझ्याकडून आभाराचं पत्र कसं येत नाही म्हणून थोडा फुगूनही बसलो होतो. आता सगळं नीट सांगतो, आणि हे पत्र वाचण्याआधी एनॉकला माझी तार मिळालेली असेल.

तू पुढे निघून गेलीस. आम्ही चढायला लागलो. पहिल्या वळणावर मला कळलं की मी आयुष्यभर मुलांना जे शिकवलं ते कागदाबद्दल होतं. दुसऱ्या वळणावर काही कळायचं बंद झालं. तेवढ्यात एनॉक मान न वळवता म्हणतो, “मिस्टर पेल, मला तुमच्या बहिणीला मागणी घालायचीय. तुमचं उत्तर आत्ता देऊ नका, दम जाईल. माथ्यावर द्या.” धूर्त माणूस! नाही म्हणायला माझ्यापाशी श्वासच नव्हता.

खरं सांगतो, डोंगराच्या पायथ्याशी माझं उत्तर ‘नाही’च होतं. दोन वाक्यं तयार होती. पहिलं ‘महाशय’ने सुरू होत होतं. मला तू घरी हवी होतीस, प्रू. दुसरं कारण नव्हतं. वेळापत्रकावर रेघा उगाच मारत नव्हतो मी.

मग आम्ही माथ्यावर पोचलो. समोर वेल्स होतं, सगळंच्या सगळं, एकामागे एक निळं होत गेलेलं. मी तीस वर्षं त्या उंचीच्या रेषा फळ्यावर काढल्या, आणि तिथे एकही रेषा नव्हती. मला बोलता येईना. एनॉकने माझ्याकडे पाहिलं, त्याला वाटलं मी विचार करतोय. भला माणूस, म्हणाला, “घाई नाही. उतारावर सांगा,” आणि पाय उचलले.

त्यानंतर मी जे बोललो ते अक्षरशः देतो: “नाही! नाही! नको! अरे देवा, नाही! कधीच नाही!”

प्रू, वळणावर मेंढी होती. रस्त्याच्या मधोमध, रवंथ करत. मी मेंढीशी बोलत होतो. मेंढीशी, ब्रेकशी, त्या कड्याशी, आणि थेट परमेश्वराशी. एनॉकशी नव्हतो बोलत! त्याने मेंढी चुकवली, आणि त्याला वाटलं मी त्याला चुकवलं.

मेंढी गेली आणि पुढे रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंनी जांभळं रान, खाली दरी, आणि माझ्या घशातून एक आवाज निघाला. तो माझा आहे हे मला थोड्या वेळाने समजलं. मी हसत होतो. डोळ्यांत पाणी, टाय कानामागे, आणि साठीचा मास्तर लहान पोरासारखा खिदळतोय. तेव्हाच ठरलं. ज्या माणसाला हे माहीत आहे त्याला ‘नाही’ कसं म्हणू, आणि ज्या बहिणीला हे सापडलंय, तिला तिथून उठवून ‘माझं अंडं उकडायला चल’ असं कुठल्या तोंडाने सांगू? खाली ओढ्याशी मला त्याचा हात हातात घेऊन ‘हो’ म्हणायचं होतं, पण हात सुटेना आणि जबडा उघडेना. त्याने माझी बोटं सोडवली, म्हणाला, “समजलं, मिस्टर पेल.” मी मान डोलावली. मला वाटलं, त्याला माझ्या चेहऱ्यावरून समजलं. किती शहाणा माणूस, असंही वाटलं.

तारेचा मजकूर असा: ‘ते नाही मेंढीला होतं. तुम्हाला हो. पेल.’ पोस्टातल्या मुलीने दोनदा विचारलं, साहेब, हे असंच पाठवायचं का?

तुझा,
अँब्रोस

*

ऑल्डरकोट
९ ऑगस्ट १९५५

अँब्रोस, अँब्रोस, अँब्रोस!

तार घेऊन पोस्टातली बाई निम्मा परगणा फिरली. शेवटी एनॉक सापडला सरहद्दीपलीकडच्या एका प्रार्थनामंदिरात, डोकं पेटीच्या आत घातलेला. तिला बाहेर उरलेल्या भागावरूनच ओळखू आला. तिथेच वाचली, आणि इतक्या जोरात ओरडला की म्हणे पेटीचा एक सूर आपोआप लागला. मग तो आला. दोन बाणांवरून ब्रेक न लावता आला, गर्टीच्या वाळत घातलेल्या चादरींतून आरपार गेला, आणि एक चादर डोक्यावर तशीच घेऊन दुकानात शिरला. बर्मिंगहॅमची सायकलवाली मंडळी खायची थांबली. चादरीतून आवाज आला, “प्रुडन्स पेल, तो मेंढीला नाही म्हणाला!”

मी हातातला टोस्ट घेऊनच “हो” म्हणाले. सगळ्यांनी चमचे वाजवले. गर्टी रडली आणि म्हणाली कांद्यामुळे. दुकानात कांदा नव्हता.

लग्न सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी. चर्चपासून गर्टीच्या दुकानापर्यंत सगळी वरात सायकलींवरून जाणार. रस्ता तू आख. कुठलंही स्टेशन लागलं तर मी वरातीतून पळून जाईन, सांगून ठेवते.

तुझी, कुणाचीतरी होऊ घातलेली,
प्रू

*

ऑल्डरकोट
२ ऑक्टोबर १९५५

प्रिय अँब्रोस,

तू वरातीला एका शेतघराच्या अंगणातून नेलंस ते गावाने अजून सोडलेलं नाही. त्या शेतकरीणबाई म्हणतात, कपडे धुवायला बाहेर आले तर समोरून पाद्रीबाबा, नवरी आणि चाळीसेक सायकली, आणि सगळ्यांत पुढे एक सभ्य गृहस्थ नकाशा उलटा धरून! कोंबड्यांनी दोन दिवस अंडी दिली नाहीत म्हणे. एनॉकने त्यांचा पियानो फुकट लावून दिला, तेव्हा मिटलं.

आम्ही सुखात आहोत. तो सकाळी गातो आणि मला जरा उशिरापर्यंत झोपायला आवडेल हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगेन. मागच्या बैठकीवरून पुढचं काही दिसत नाही, त्याच्या पाठीचा कोटच दिसतो. म्हणून आता आम्ही आळीपाळीने पुढे बसतो. चढावर मी, कारण त्याचं म्हणणं माझे पाय चांगले झालेत. मला संशय आहे तो मागे बसून पायच मारत नाही.

आता तुझं. तू स्टेशनावर निरोप देताना फार हसत होतास. मला ते हसू माहितीये. ते तू आईच्या आजारपणात हसायचास, आम्ही काळजी करू नये म्हणून. गर्टी म्हणते तू नुसत्या अंड्यांवर असशील. म्हणून ठरवलंय, या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं स्पॉल्डिंगला येतो. चांगले आठ दिवस राहू. संध्याकाळी तिघं मिळून रेडिओ ऐकू, तू निवेदकाला सुधार, मी म्हणेन त्याला ऐकू जात नाही. वरच्या खोलीतला पलंग हवेशीर करून ठेव.

नाही म्हणू नकोस. मेंढीलासुद्धा.

तुझी,
प्रू

*

लिंकनशायरच्या टेकड्यांवर, एका फाटकाला टेकून
७ ऑक्टोबर १९५५

प्रिय प्रू,

तुझं पत्र मिसेस ब्लँचर्डनी माझ्या वाटेवरच्या पोस्टात पाठवलं, ते आज सकाळी हाती आलं. अवश्य या. पलंग हवेशीर आहे, कोळसा भरलेला आहे, किल्ली मिसेस ब्लँचर्डकडे आहे. फक्त मी तिथे असेन की नाही ते सांगता येत नाही.

झालं असं. तुमच्या लग्नाहून परत आलो, आणि पहिले चार दिवस तू म्हणतेस तसाच होतो. ते हसू तू ओळखलंस, कबूल. पाचव्या दिवशी एका निवृत्त पाद्र्याची तीनचाकी सायकल विकायला निघाल्याची पाटी पाहिली. दोन चाकांवर माझा अजून विश्वास नाही. मिसेस ब्लँचर्ड म्हणाल्या, “मिस्टर पेल, या वयात?” मी म्हटलं, “बाई, या वयात माझ्याकडे वेळ आहे.” आणि उत्तरेकडे निघालो. आपल्याच लिंकनशायरमध्ये टेकड्या आहेत, प्रू! मी त्या तीस वर्षं शिकवल्या, आपल्या घरापासून त्या एवढ्या जवळ, आणि कधी जाऊन पाहिल्या नाहीत. तुमच्या डोंगरासमोर ही डोंगराची पिल्लं आहेत. पण पिल्लंसुद्धा चावतात. काल एका चढावर मी तीनचाकी ढकलत असताना एक म्हातारी शेजारून चालत पुढे गेली आणि वर पोचल्यावर माझ्यासाठी थांबली. तिने मला सफरचंद दिलं. आम्ही भिंतीवर बसून ते खाल्लं. तिचं नाव विचारायचं राहिलं, ती आज याच रस्त्याने बाजाराला जाते म्हणाली होती, म्हणून मी इथे जरा रेंगाळतोय असं काही समजू नकोस. वारा चांगला आहे म्हणून रेंगाळतोय.

एक खरं सांगतो. माझ्या काळजीने येऊ नका. घर बघायला या, मिसेस ब्लँचर्डचा रस्सा खायला या, वाटलं तर एनॉकला सपाट रस्ता दाखवायला घेऊन ये, बिचाऱ्याला खोटाच वाटेल. मी कदाचित येईन, कदाचित तुम्ही या बाजूला निघाल आणि कुठल्यातरी चढावर मला गाठाल. मी हळू जातो, सापडेन.

आता आवरतं घेतो, ती टोपली घेऊन खालून येताना दिसतेय. या बाजूला चार घरं आहेत, पण पोस्टाची पेटी पलीकडे उताराच्या तळाशी आहे. उतार मोठा आहे, मध्ये वळण आहे, आणि वळणावर मेंढ्या आहेत. हे पत्र तुला मिळालं, तर मी सुखरूप खाली पोचलो असं समज.

तुझा,
अँब्रोस